पटकथेतली आई

झेरॉक्सच्या दुकानात गरम कागदाचा वास आला, की अकोल्यातली ती संध्याकाळ आठवते. पटकथा स्पर्धेसाठी मी आईचंच आयुष्य लिहिलं होतं. पण परीक्षक पुण्याचे, म्हणून तिचे वऱ्हाडी संवाद प्रमाण मराठीत बदलले. त्या संध्याकाळी झेरॉक्स काढून आणलेली प्रत वाचून दाखवल्यावर भाकरी थापता थापता ती म्हणाली, “चांगलं हाये. पण हे बाई कोन होय? मी तं अशी बोलत नाही.” मी हसून टाळलं. पटकथेला बक्षीस मिळालं. अमरावतीच्या समारंभात तिला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर तिने नुसते हात जोडले. परतीच्या बसमध्ये मी कारण विचारलं. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, “मी बोलली असती तं तुले लाज वाटली असती ना, बाबू?” लगेच ‘नाही’ म्हणायला हवं होतं, पण मूर्तिजापूर मागे पडलं तरी मी गप्पच होतो. आई जाऊन चार वर्षं झाली. मी अजून मनातल्या मनात तिला उत्तर देत असतो.