आधी वाडी विचारा

बाईंच्या हातात माझी आमसुलं होती. बोटांनी दाबून बघितली, नाकाशी नेली, मान हलवली. माल पसंत पडला होता. पिशवी उघडता उघडता त्यांनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

मी सांगितलं. लांज्यापासून आतल्या बाजूला.

"आणि वाडी?"

आमच्याकडे वाडी विचारली की पुढचं काही विचारावं लागत नाही. ग्रामपंचायतीने आमच्या वाडीचं नाव बदललं, नवी पाटी लावली. सिद्धार्थनगर. तेवढ्यानेही कळतंच. त्या दिवशी मी रत्नागिरीपर्यंत एसटीत उभ्याने आले होते. पाय भरून आले होते. नवं नाव घ्यायचाही कंटाळा आला. जुनंच सांगितलं. बौद्धवाडी.

बाईंनी आमसुलं परत टोपलीत ठेवली. टाकली नाहीत, ठेवली. रुमाल काढून बोटं पुसली, एकेक. म्हणाल्या, "नको, आहेत घरी." आवाज अगदी गोड होता.

माझ्या तोंडून निघून गेलं.

"हात लावा बाई. इटाळ नाय व्हायचा."

त्या निघून गेल्या. मी टोपली सारखी केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. बाजाराचे व्हिडिओ काढत फिरणारा एक मुलगा तिथे उभा होता, हे मला नंतर कळलं.

कळलं ते मुलीकडून. ती लांज्याला कॉलेजात शिकते. रात्री जेवताना तिने मोबाइल पुढे धरला. माझं तोंड, माझी टोपली, आणि तेवढंच एक वाक्य. खाली हसऱ्या तोंडांची रांग. 'काय ठसका आहे मावशीचा.' 'रत्नागिरीची वाघीण.' मी दोनदा बघितलं आणि हसले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मुलगी हसली नाही. म्हणाली, "आये, ती वाडी इचारते ता ह्यात नायच."

खरंच नव्हतं. बाई नव्हती, रुमाल नव्हता, प्रश्न नव्हता. व्हिडिओ सुरूच 'हात लावा'पासून होत होता.

पुढे माझा आवाज माझ्यापासून सुटला. एकाचा आवाज काढून दुसऱ्याच्या तोंडावर बसवता येतो म्हणे. गावातल्या दुकानांना तेच हवं होतं. हल्ली नुसता बोर्ड लावून कुणाचं भागत नाही, रोज काहीतरी रील टाकावं लागतं. साडीच्या सेलवाल्याने माझा आवाज लावला. घरी केक करणाऱ्या एका ताईने केकवर बोट फिरवत ओठ हलवले. पार्लरच्या मुलीने गाल दाखवला. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याने, मच्छीथाळीच्या हॉटेलवाल्याने, एका बिल्डरच्या माणसाने तर नव्या फ्लॅटच्या भिंतीवर हात ठेवून. सगळीकडून मीच. हात लावा बाई, इटाळ नाय व्हायचा. कुणी कुणी माझ्यासारखा पदर खोचला. एकीने तोंडाला काळं फासलं आणि दात दाखवले.

इटाळ म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. हा शब्द घराघरात आहे. फक्त तो त्यांच्या अंगाला कधी लागलेला नाही. म्हणून त्यांना तो मजेशीर वाटला.

बाजारात माझ्याभोवती गर्दी व्हायला लागली. खरेदीची नव्हे. मोबाइल पुढे धरायचे आणि म्हणायचे, "मावशी, बोला ना ते." बोलले की हसत निघून जायचे. आमसुलं तिथेच. नाही बोलले तर म्हणायचे, "फेमस झाली तर भाव खाते." गिऱ्हाईक समजून मी मान वर करायची, आणि समोर मोबाइल असायचा. दिवसभर मान वरखाली करूनच मी दमून जायची.

मग एक दुकानदार आले. कोकणी मेव्याचं नवं दुकान, चकचकीत काचा, बाहेर मोठा ओटा. माणूस बोलायला सभ्य. "मावशी, उन्हात गटाराच्या कडेला कशाला बसता? आमच्या ओट्यावर बसा. भाडं नको. तुमचा माल तुम्ही विका. फक्त गिऱ्हाईक आलं की ते एकदा बोलायचं."

बाजारात रस्त्यावर बसणाऱ्या बाईला असा ओटा म्हणजे काय ते ठाऊक असतं. नगरपरिषदेची गाडी आली की टोपली उचलून पळावं लागतं. गुडघे साथ देत नाहीत. पावसात माल भिजला की गेला. डोक्यावर छप्पर मिळत होतं. मी हो म्हटलं. लाज वाटली नाही. सावली होती.

मी बोलत राहिले. काचेचं दार उघडलं की बोलायचं. मुंबईची माणसं आली की दोनदा बोलायचं, कारण पहिल्यांदा त्यांचा मोबाइल तयार नसायचा. दुकानदारांची बायको पेज सांभाळायची. ती मधूनच सांगायची, "मावशी, जरा रागाने बोला ना, पहिल्यासारखं." मग मी रागाने बोलायची. राग आला नसताना राग आणणं फार दमवणारं काम आहे. भात लावणीला कंबर मोडते, पण रात्री झोप लागते. ह्या कामाने झोपही लागेना.

असं बोलता बोलता एका दुपारी ते वाक्य मला ऐकू आलं. बोलत मीच होते, पण ऐकलं त्या दिवशी.

लोक म्हणत होते, काय सुनावलंय. मलाही तसंच वाटत होतं. पण मी कुठे काय सुनावलं होतं? जिने माझ्यामुळे बोटं पुसली, तिची मी समजूत घालत होते. भिऊ नका, माझ्यामुळे तुम्हाला काही होणार नाही, असं सांगत होते. हमी देत होते. आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तीच हमी, दिवसभर, हसऱ्या तोंडाने. मला माझा राग आला. दुकानदारांचाही आला. आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त, खूप थकल्यासारखं वाटलं.

थोड्याच दिवसांत दुकानदारांनी पेजवर लाइव्ह ठेवलं. म्हणजे जे घडेल ते जसंच्या तसं लोकांना दिसणार, मध्ये कापाकापी नाही. ओट्यावर रांगोळी, कोकम सरबताचे पेले, पंधरा-वीस माणसं. सरबत माझ्याच आमसुलांचं. बायकोने मोबाइल धरला. दुकानदारांनी मला पुढे घेतलं आणि म्हणाले, "ज्यांची तुम्ही सगळे वाट बघताय त्या आपल्या मावशी. बोला मावशी."

मी म्हटलं, "आधी तुम्ही इचारा."

"काय विचारू?"

"वाडी कुठली म्हणून."

ते हसले. "मावशी, ते नंतर बघू. आधी आपलं ते होऊ दे."

"नाय. ता आधीच हाय. ता इचारल्याबिगर मला पुढचा येत नाय."

लोकांना वाटलं गंमत चालली आहे. मागून कुणी तरी ओरडलं, विचारा विचारा. त्यांचाही नाइलाज झाला. हसतच विचारलं, "बरं, वाडी कुठली मावशी?"

"बौद्धवाडी."

एवढंच म्हटलं आणि मोबाइलकडे बघत उभी राहिले. सगळे पुढच्या वाक्यासाठी थांबले होते. बायकोने बोटाने खूण केली, बोला. मी बोलले नाही. पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी पेला ओठांपासून खाली घेतला. का घेतला ते त्यांनाच माहीत. सरबताला इतका वेळ काही झालं नव्हतं. कुणी हसेना. दुकानदारांनी घसा साफ केला, "तर आता आपण काजूचे पदार्थ बघूया," म्हणाले आणि मोबाइल आत वळला.

सगळे गेल्यावर ते माझ्यापाशी आले. चिडले नव्हते. चिडले असते तर सोपं गेलं असतं. "मावशी, जातीचं मध्ये कशाला आणलंत? आपलं फॅमिली पेज आहे."

"मी नाय आणलंय. ती पहिल्यापास्नं थयच होती. व्हिडिओत कापलेली."

त्यांना ते कळलं. तोंडावरून दिसलं. पण म्हणाले, "उद्यापासून ओट्यावर जरा जागा लागणार आहे." मी टोपली उचलली. उतरताना गुडघ्यात कळ आली, तरी कुणाचा हात मागितला नाही.

आता परत गटाराच्या कडेला बसते. ऊन आहे, गाडी येते, पळावं लागतं. माझा आवाज अजून त्यांच्या मोबाइलांत फिरतो. तो परत घेता येत नाही, मुलीने करून बघितलं. फिरू दे. बाजारात कुणी म्हणालं, मावशी बोला ना ते, तर मी त्याला सांगते, आधी वाडी विचार. बहुतेक जण निघून जातात.

आणि गिऱ्हाईक टोपलीपाशी वाकलं की त्याच्या विचारण्याची मी वाट बघत नाही. गाव सांगते, वाडी सांगते, मग भाव सांगते. काहींचा हात तिथेच थांबतो. थांबू दे. हात लावा, असं मी आता जन्मात कुणाला म्हणणार नाही.