मामांची जर्मन गाडी

मामांच्या गाडीत बसणाऱ्याला प्रत्येक स्पीडब्रेकरला खाली उतरावं लागे. गाडी इतकी बसकी की आत माणसं असली की तिचा तळ घासायचा. शिकायला मी मामांकडेच असायचे; पुंडलिकनगरातून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मामी आणि मी ओढण्या-पदर सावरत उतरायचो, चार पावलं चालायचो आणि पुन्हा वाकून आत शिरायचो. मामा एकटेच आत बसून "हळू माय, हळू" असं गाडीला समजावत ब्रेकर पार करायचे. लग्नाला निघालेली मामी अर्धी वरात पायीच काढते, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या.

मामांची शेंद्र्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तेव्हा भाऊबंदांनी बंगले बांधले, जीपगाड्या घेतल्या. मामांनी मुंबईच्या कुणा शौकिनाने वापरून सोडलेली ही काळी, दोन दारांची जर्मन गाडी आणली. आणली तेव्हाच ती उतारवयाला लागली होती. "तिचं वय नका विचारू, दम बघा," मामा सांगायचे. दम बघायला मिळायचा तो क्वचितच, कारण बाई बहुतेक आजारीच असायच्या. एक पार्ट परदेशातून येईपर्यंत दुसरा जायचा. विकून टाका म्हणणाऱ्यांना मामांचं उत्तर ठरलेलं होतं, "हत्ती विकून शेळी घेऊ का?"

पण ती धडधाकट असेल त्या रविवारी मामा मला सकाळीच उठवायचे. शेंद्र्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला की म्हणायचे, "डोकं मागं टेकव." पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची आणि मागून असा आवाज उठायचा की भीतीने हसूच यायचं. मामाही हसायचे. एरवी हा माणूस फार बोलायचा नाही. जमिनीबद्दल तर कधीच नाही. त्याच बाजूला त्यांचं शेत होतं आणि आता तिथे कारखान्याची भिंत होती. भिंत येण्याआधी ते वेग घ्यायचे आणि ती मागे पडली की पाय सैल सोडायचे. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग मामांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. दवाखान्यात जीभ जड झालेली असतानाही ते मामीला म्हणाले, "पाय नाय चालला तर नाय. नुसता तिचा आवाज ऐकव. मग बघ मी कसा उठतो ते." डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मामी विसरली, हे मात्र तिने घट्ट धरून ठेवलं. आम्हीही धरलं. दुसरं धरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मामा दवाखान्यात असतानाच खंडेनवमी आली. घरातलं प्रत्येक यंत्र, प्रत्येक हत्यार त्या दिवशी धुऊन पुजायचं, ही मामीच्या गंगापूरच्या माहेरची रीत. तिथे ट्रॅक्टर आतून-बाहेरून पाइपाने धुतात. मामा घरी असताना बॉनेटखालचं सगळं ते स्वतः कोरड्या फडक्याने पुसायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या वर्षी मामीने बॉनेट उघडलं आणि इंजीन पाइपाने लखलखीत धुतलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडावं म्हणून शेजाऱ्यांनी चावी फिरवली. आत टक् असा आवाज झाला आणि गाडी गप्प झाली. लिंबू तसंच राहिलं.

गाडी नेहमी बघणारा मेकॅनिक आला. त्याने मला बाजूला घेतलं. "दीदी, पानी अंदर गया, कंप्यूटर जल गया. इस मॉडल का अब मिलताच नई." मामीला मी एवढंच सांगितलं, की गाडी आता चालू व्हायची नाही.

मामा घरी आले त्या दिवशी मामी स्वयंपाकघरात होती. मी त्यांना सगळं सांगितलं. आवाज ऐकायचा हट्ट ते धरणारच होते. तोंड वाकडं करत, एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "तिला सांगू नको. तिनं पूजाच केली ना."

संध्याकाळी त्यांनीच मामीला सांगितलं, "गाडी आधीच गेलती. मी पडायच्या आधी. तुला सांगायचं राहिलं. दवाखान्यात भान नव्हतं, उगं बोललो."

"आन् मी इथं माझ्याच हातनं बिघडली म्हणून जीव टांगणीला लावून बसले व्हय!" मामी त्यांच्यावर डाफरली. तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. मामांनी त्यानंतर आवाजाचं नाव काढलं नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनाही त्यांनी नको म्हटलं. उठायचं कशासाठी, हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही, पण आम्हा सगळ्यांना तो ऐकू येत होता. पुढची खंडेनवमी त्यांना दिसली नाही.

गाडी मामीने विकली नाही. यंदा खंडेनवमीला मी गेले, तेव्हा तिने पदर खोचून बॉनेट उघडलं होतं. "ह्यांना धूळ लई खुपायची," असं म्हणत ती इंजीनवर पाइप धरून उभी होती. मी नळाशी होते.

"पाणी मोठं सोड गं," ती म्हणाली.

मी सोडलं.