मेन खाली ओढायच्या आधीची हाक

बदरुद्दीन आतार माझा शेजारी. आळेफाट्याला माझं वेल्डिंगचं दुकान, त्याचं कॉम्प्युटरचं, मधी निस्ता पत्रा. मीटर दोघांत एक. म्हणून आमचा रिवाज ठरलेला. मेन स्विच खाली ओढायच्या आधी मी वरडायचं, "बदरू, लाईट काढतोय रे!" त्यानं "थांब" म्हणलं की थांबायचं, "काढ" म्हणलं की काढायचं. बारा वर्सं हे चाललं. एकदाच चुकलं, आन ते मी चुकलो. आधीच सांगून टाकतो.

बदरू माणूस लई निर्मळ. सातबारा, आधार, लग्नाच्या पत्रिका, दशक्रियेचे फ्लेक्स, समदं करायचा. कॉम्प्युटर त्याचा माझ्या ग्राइंडरपेक्षा जुना, पण पळायचा झकास. मी विचारलं तर म्हणला, "गोरखभाऊ, काम करताना मशीन कच्च्या फायली बनवतं. त्या हार्डडिस्कवर ठेवल्या की रखडतं. मी त्या निस्त्या मेमरीत ठेवतो. खडूची पाटीच म्हणा की. लिव्हायला झटपट, आन मशीन बंद झालं की आपोआप कोरी."

"आन गरजेचं काय असलं तर?"

"ते पक्कं सेव्ह करायचं. बाकी लोकांची कागदं माझ्याकडं कशाला ऱ्हायला पायजेत? एखाद्या पोरीचा फोटो उद्या भलत्याच्या हाताला लागला तर?"

मागल्या शिमग्याच्या सुमारास लोणीची कोंडाबाई आली, सून अंजनाचा हात धरून. म्हातारीला दोन्ही डोळ्यांनी दिसत न्हाई. तिचा ल्योक भरत ट्रकवर ड्रायव्हर व्हता, नाशिककडं अपघातात गेला. फोनचा चुरा झाला, आतलं नखाएवढं मेमरी कार्ड तेवढं उरलं, तेबी चिरलेलं. त्या फोनमधी घरच्यांशी झालेलं बोलणं आपोआप टेप होऊन त्याच कार्डात ऱ्हायचं. दोन-चार दुकानांनी आधीच हात टेकले व्हते.

बदरू म्हणला, "मावशी, फोटो असंल की घरी. मोठा करून देऊ का?"

"फोटो घेऊन मी आंधळी काय करू रं बाबा? मला त्याचं बोलणं दे."

तीन दिवस बदरू त्या कार्डाला चिकटला. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी सासू-सुना येऊन बसल्या व्हत्या, आन पत्र्यातनं मला आवाज आला, "आये, फाट्यावर आलोय गं. भाकरी टाक, अर्ध्या तासात पोचतो." माझ्या अंगावर काटाच आला, राव. मेल्या माणसाचा आवाज, आन इतका भुकेला.

पुढचं बदरूनं मला मागनं सांगितलं. कार्ड तेवढं एकदाच उघडलं, तापलं आन मेलं. त्यातनं काढलेलं बोलणं कच्च्या फायलींत, म्हंजी त्या खडूच्या पाटीवरच पडलं व्हतं. सेव्ह करायला त्याचा हात माउसकडं गेला, तर कोंडाबाईनं चाचपत त्योच हात धरला. "परत लाव." त्यानं लावलं. "परत." आता तिच्या मुठीतनं हात कसा सोडवून घ्यायचा? मनात म्हणला, एवढं ऐकू दे, मग सेव्ह करतो.

आन हिकडं मी! आळे गावचं एक गिऱ्हाईक ट्रॉलीच्या सांध्यावरनं हुज्जत घालत व्हतं. माझं टाळकं फिरलेलं. तेवढ्यात माझ्या वेल्डिंगची वायर ठिणग्या टाकायला लागली. तणतणत गेलो आन हाक न देता मेन खाली ओढला. लाईट गेल्यावर मशीन चालू ठेवणारी बदरूची बॅटरी दोन महिन्यांपासनं बसलेली, हे मला ठाऊक व्हतं.

पत्र्यापलीकडं "आये, फाट्यावर" एवढ्यावरच तुटलं.

लाईट आली तवा मशीन कोरं झालं व्हतं. कार्ड काय पुन्हा उघडलं न्हाई. मला वाटलं, बदरू आता येऊन माझी गचांडी धरणार. त्यो जाग्यावरनं उठला न्हाई. म्हणला, "मावशी, चूक माझी. आधी सेव्ह करायला पायजे व्हतं." माझं नाव त्यानं काढलं न्हाई. आन मी पत्र्याआड दडून उभा. थू असल्या जगण्यावर!

म्हातारीनं चाचपत पुन्हा त्याचा हात धरला. मग म्हणली, "तू ऐकलं ना रं? मग तू म्हण."

बदरूनं म्हणलं.

"तसं न्हाई. 'आये' लांबवायचा त्यो."

बदरूनं लांबवलं. तवापासनं दर बुधवारी ती सुनेबरोबर यष्टीनं यायची. बदरू गिऱ्हाईक सोडून तिच्याजवळ बसायचा आन तेवढं एकच बोलायचा. मी तेवढा वेळ ग्राइंडर बंद ठेवायचो. जाताना ती माझ्याबी हातावर मूठभर शेंगा ठेवायची. "गोरखभाऊ, खा." मी त्या तशाच खिशात टाकायचो. दर बुधवारी ठरवायचो, आज सांगतो. सांगितलं न्हाई.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी बदरूनं "आये" म्हणलं न्हाई तोच तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे आता, बदरू."

"माझं काय चुकलं का, मावशी?"

"न्हाई रं. काल पडल्या पडल्या भरतची आठवण काढली, तर त्योबी आता तुझ्याच आवाजात बोलाय लागलाय. माझ्याकडं व्हता तेवढाबी गेला."

सुनेचा हात धरून ती गेली, ती परत आली न्हाई. बदरूनं खुर्ची पत्र्याजवळ ओढली. मग पत्र्यापलीकडनं म्हणला, "गोरखभाऊ, तुमीबी ऐकलं व्हतं ना? खरा आवाज कसा व्हता वो त्याचा?"

मी आठवाया गेलो. माझ्याबी कानात बदरूच बोलत व्हता.