बॅलेच्या पोरींना तीट

टीचरनं मी काढलेल्या चित्रावरची चादर ओढली आणि पुढच्या रांगेतली, माझ्या लेकीच्या मैत्रिणीची म्हणजे शिन यीची आई इंग्लिशमध्ये म्हणाली, माझ्या मुलीच्या गालाला काय लागलंय? दुसरी उठून बघायला आली. तिच्याही मुलीला तेच. चित्रातल्या सगळ्या पोरींच्या गालावर काळा ठिपका, आणि तो मीच काढलेला. आमचे हे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले, म्हणजे ही बाई आपली नव्हेच.

मुद्दाम नाही हो केलं. आम्ही इकडं निघालो तेव्हा विमानतळाच्या दाराशी आईनं कनवटीची काजळाची डबी काढून माझ्या ओवीला तीट लावली होती. मागं ट्रॉल्या खोळंबल्या, पोलीस आत चला म्हणतोय, आणि आई म्हणतेय, "परमुलखात पोर अशीच नेऊ नकोस गं."

मी दहावीपर्यंतच शिकलेली. कराडकडं आमच्या गावात लग्नघराच्या भिंतीवर मोर, कलश मीच काढायचे. इथं परदेशात, पासिर रिस भागातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिळा मारायला घरमालकाला मेसेज करावा लागतो, भिंत कुठली रंगवता? म्हणून कागदावर काढायला लागले. ओवीला बॅलेला घातलं आणि तीच दिसायची सगळीकडं. लिफ्टमध्ये टाचा वर, बेसिनपाशी एका पायावर. टीचरनं एक चित्र बघितलं आणि म्हणाली, शोसाठी सगळ्या मुलींचं मोठं काढ. मी हो म्हणाले. नाही म्हणायला इंग्लिश जास्त लागतं.

चित्र पुरं झालं तर पोरी इतक्या गोड दिसायला लागल्या की मलाच धास्ती. एवढी माणसं बघणार. ओवीला तीट लावली. मग बाकीच्या काय कुणाच्या लेकी नाहीत? सगळ्यांना लावली.

आता टीचर हळूच म्हणाली, शोच्या आधी पुसता येईल का? ओवी इथं आल्यावर वर्षभर कुणाशी बोलली नव्हती, मैत्रिणी मिळाल्या त्या ह्याच क्लासात. ह्या आयांनी तोंड फिरवलं तर पोर परत मुकी. रंग घेऊन मी एकेकीचे ठिपके झाकत गेले. ओवीपाशी मात्र हात पुढं जाईना. तिचा राहू दिला.

तेवढ्यात झग्यातली ओवी पळत आली, चित्र बघितलं आणि सगळ्यांच्या देखत इथल्या पोरांच्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "मम्मी, ओन्ली मी? देन शिन यी हाऊ? नॉट फेअर, ला."

शिन यीनं लगेच खराखुरा गाल पुढं केला. तिच्या मागं बाकीच्या पोरी. विमानतळावर आईनं हातात दिलेली डबी माझ्या पर्समध्ये असतेच. ह्यांनी शेवटी मोबाईल ठेवला आणि तीट म्हणजे काय ते त्या बायांना सांगितलं. शिन यीच्या आईनं ऐकून घेतलं, लेकीची हनुवटी धरून तोंड वळवलं आणि म्हणाली, ह्या बाजूला लाव, बारीक.

आधी घर म्हणजे मला आईचं दारच वाटायचं. आता वाटतं, ज्यांना दृष्ट लागेल म्हणून आपला जीव घाबरतो, तेवढी सगळी माणसं मिळून आपलं घर.

पोरी स्टेजवर गेल्या. मी डबी मिटत होते, तर शिन यीच्या आईनं केस मागं सारले आणि स्वतःचाच गाल पुढं केला. एवढ्या मोठ्या बाईला तीट? बायांनो, तुम्ही गावाकडं असा नाहीतर इकडं, खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?