सतराव्या मजल्यावरचं कृष्णफळ

लालबागची चाळ रिकामी करायची होती, त्या सकाळी आईला गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्या कोकणातल्या घरांत जागा सोडताना नारळ ठेवतात आणि देवांना, गेलेल्या माणसांना सांगतात की आम्ही अमुक ठिकाणी चाललोय, तुम्हीही चला. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी खेकसले, "आई, नंतर घाल गं!" देव डब्यातून आमच्याबरोबर आले. वडील मात्र, आईच्या मते, तिथेच राहिले.

वडील गेले त्याच्या तेराव्याला एक काळा भुंगा खोलीत शिरला होता. फोटोभोवती फिरला आणि गॅलरीतल्या वेलावर जाऊन बसला. "इले गो तुझे बाबा," आई म्हणाली. वेल वडिलांनीच लावलेला. कृष्णफळाचा; कृष्णकमळाच्याच कुळातला, पण फळ देणारा. पांढऱ्या पाकळ्या, आत जांभळ्या झिपऱ्यांचं चक्र. फूल दुपारी एकच्या सुमारास उघडतं आणि एकदा मिटलं की कायमचं. त्या दिवसापासून वेलावरचं प्रत्येक फळ म्हणजे आईच्या लेखी वडिलांची एक खेप होती.

नव्या टॉवरमध्ये, सतराव्या मजल्यावरच्या गॅलरीत, त्याच वेलाची फांदी कुंडीत रुजली, ग्रिल भरून फुलली. फळ एकही नाही. फूल उमलायचं आणि दुसऱ्या दिवशी देठासकट गळायचं. आई रोज दुपारी खुर्ची टाकून समोर बसायची. "तेंका पत्तो दिलोच नाय," एवढंच म्हणायची. माझ्याकडे बघायचीही नाही. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मी चिडून पुस्तकं उघडली. उत्तर साधंच निघालं. या फुलाचा पराग भुंग्याच्या पाठीला लागूनच पुढे जातो, आणि हे भुंगे सुक्या लाकडात भोकं पाडून राहतात. चाळीच्या लाकडी कठड्यात त्यांची वस्ती होती; आम्हीच ती भोकं लांबी भरून बुजवायचो. टॉवरमध्ये लाकूड कुठलं? शिवाय हा वेल स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. दुसऱ्या बीपासून वाढलेला वेल जवळ लागतो. चाळीत तो शेजारच्यांच्या खिडकीत होता. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला पराग नको होता, नवरा हवा होता.

एका रविवारी माटुंग्याच्या मैत्रिणीकडे गेले. तिच्या वेलाची दोन फुलं स्टीलच्या डबीत घातली आणि टॅक्सीने परत आले. आई तोवर खुर्ची सोडून आत आडवी झाली होती. मी चोरासारखी गॅलरीत शिरले आणि माझ्या मुलीच्या रंगाच्या ब्रशने तो पिवळा पराग आमच्या एका फुलाच्या मधल्या तीन टोकांवर चोळला. काम भुंग्याचं, पण मला वाटत होतं, मी वडिलांचं सोंग घेतलंय.

आठवड्यात देठाशी हिरवी गोटी दिसली. आईने ओरडून सगळं घर गोळा केलं. पुढचे दोन महिने ती त्या फळाशी बोलायची. गुडघे, महागाई, लिफ्ट, माझा तापट स्वभाव, सगळ्या तक्रारी. मी आत बसून ऐकायचे आणि मला स्वतःचीच भीती वाटायची. फळ पिवळं होऊन आपसूक गळलं. तिने ते फोटोपुढे ठेवलं, दुसऱ्या दिवशी कापून साखर घालून बियांसकट खाल्लं. "तेंका घर गावला गो. आता बरा झाला."

गॅलरीतली खुर्ची तिने स्वतः आत आणली. मग जेवण कमी, बोलणं कमी, झोप जास्त. डॉक्टरांना काही सापडलं नाही. दिवाळीआधी ती झोपेतच गेली. ती वाट बघण्यावर जगत होती, हे मला तेव्हा कळलं. ते वाट बघणं मी ब्रशने संपवलं. लोक म्हणतात, सुखाने गेली. मला ते ऐकवत नाही.

आता मी फुलांना हात लावत नाही. रविवारी दुपारी ती उघडतात, मी समोर बसते. मुलगी म्हणते, "मम्मी, इथे भुंगा येत नाही, तूच सांगितलंस ना?" सांगितलं होतं. पण आईला तर हे घर माहीत आहे, ती इथूनच गेली. तरी वेलावर अजून एकही फळ धरलेलं नाही.