घरमा कुत्रं शे का?

अभिमनआबांच्या घरात भाकरीलासुद्धा गुलाबासारखा वास यायचा, आणि लिलाअक्का त्याबद्दल जन्मभर नवऱ्यावर चिडलेली होती. त्यांचं घर आमच्या घराला भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तो वास आमच्याही वाट्याला आला. आमचं गाव नरडाण्याजवळ. मी तेव्हा नरडाण्याच्या शाळेत शिकवायला जायचे. वर्गात शिरले की पोरी एकमेकींना कोपराने ढोसायच्या, बाई अत्तर लावून आल्या म्हणून. आता कुणाकुणाला सांगत बसणार, की हे अत्तर नाही, शेजाऱ्यांचं गुडघेदुखीचं तेल आहे.

रोशाचं तेल. सातपुड्याच्या पायथ्याला रोशा नावाचं गवत उगवतं. ते फुलावर आलं की कापायचं, तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाण्याबरोबर उकळायचं आणि निघालेली वाफ गार करून वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. शिरपूरच्या पलीकडे अशी एक भट्टी होती. आबांनी तरुणपणी तिथे जाळ घालण्याचं काम केलं आणि पुढे तेच तेल बाटल्यांत भरून बाजारोबाजार विकायला लागले. सायकलच्या कॅरिअरला लाकडी खोकं बांधलेलं, खोक्यात बाटल्या, बाटल्यांमध्ये भुसा. आज शिंदखेडा, उद्या बेटावद, परवा दोंडाईचा.

शेती नव्हती. मुलगा सुरतेला मागावर कामाला, मुलगी कमल भडगावला दिलेली. जमिनीचा तुकडा नसलेल्या माणसाला गावात मिरवायला काहीतरी लागतं. आबांना मिरवायला तेल होतं. बाजारात बाकीचे त्यात रॉकेल घालायचे, आबा घालत नसत. कोरा कागद घेऊन त्यावर एक थेंब टाकायचे आणि तो उडून जाईपर्यंत गिऱ्हाइकाला धरून ठेवायचे. कागदावर डाग राहिला नाही की म्हणायचे, “पाह्य. अस्सल.” गिऱ्हाईक गुडघ्याने बेजार, त्याला कागदाशी काय देणंघेणं! मला तर वाटायचं, आबांना तेल विकण्यापेक्षा कागद दाखवण्यातच जास्त गोडी आहे.

मुलगा सुरतेला गेला त्याच साली हरणी आली. बेटावदच्या बाजारातून ही कुत्री सायकलमागे धावत आली आणि परत गेलीच नाही. रंग हरणाचा, पाय बारीक, एक कान उभा आणि एक पडलेला. आबा सायकल चालवायचे, ती बाजूने धावायची. चढ आला की आबा उतरून सायकल ढकलायचे आणि ती पुढे जाऊन मागे बघत थांबायची. म्हाताऱ्या माणसाला वाटेत कुणीतरी थांबून बघणारं असावं लागतं. पोटचा पोर सुरतेहून बघत नव्हता, ही बघत होती. लिलाअक्का आधी तिला “भवानी” म्हणायची, मग ताटातली भाकरी मोडून द्यायला लागली.

बाजारात हरणी सायकलच्या सावलीत बसायची. बाटली उघडली की मात्र शिंकायची आणि उठून लांब जाऊन बसायची. गिऱ्हाइकं हसायची. आबाही हसून म्हणायचे, “हिले अस्सल मालनी पारख शे.” त्या शिंकेचा अर्थ आमच्यापैकी कुणालाच कळला नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून सोलवटलेले बैलांचे खांदे त्या संध्याकाळी हळद, तूप, तेल लावून मळायचे. आमच्या गावात या कामाला आबांचा मान होता. वाडगाभर तिळाच्या तेलात ते रोशाचे थोडेसे थेंब मिसळायचे आणि दारोदार जाऊन गावाचे बैल चोळायचे. फुकट. स्वतःच्या दाराला दावं नसलेला हा माणूस त्या संध्याकाळी सगळ्या बैलांचा धनी व्हायचा. बैलही डोळे मिटून उभे राहायचे.

सत्त्याऐंशी सालची खांदेमळणी. कौतिकभाऊंची जोडी शेवटची होती. कौतिकभाऊ म्हणजे आबांचे पलीकडचे शेजारी, थट्टा केल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. आबा हात पुसत अंगणात आले तसे ते म्हणाले, “गावना बठ्ठा बैल व्हयनात. तुना बैल कोठे शे रे, अभिमन?”

आबांनी हरणीच्या डोक्यावर हात ठेवला. “हाई काय मना बैल.”

आम्ही सगळे हसलो. हसण्यासारखंच होतं, आणि खरंही होतं. वर्षभर त्यांच्याबरोबर वाट तुडवणारं दुसरं होतं कोण? आबा तिथेच ओट्यावर बसले आणि हरणीला पुढ्यात घेतलं. पावसाळ्यात तिच्या मानेला, कानामागे गोचिड्या झाल्या होत्या. खांदेमळणीही होईल आणि गोचिड्याही मरतील, असा त्यांचा हिशेब. वाडग्यातलं तेल संपलं होतं. त्यांनी लिलाअक्काला रोशाची बाटली मागितली.

“मिसळाले तीळनं तेल आनू का?” अक्काने विचारलं.

“घरना जीवले भेसळ कसाले?” आबा म्हणाले.

गावाच्या बैलांना मिसळीचं आणि हरणीला निव्वळ. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. त्यांनी तिची मान चोळली, पाठ चोळली, कानांच्या मागे, पोटाखाली, जिथे जिथे गोचिडी दिसली तिथे जिरवलं. हरणी अंग चोरून उभी होती. पुन्हा पुन्हा शिंकत होती. पण हात आबांचा होता, म्हणून हलली नाही. मग कौतिकभाऊंनी बैलांच्या माळेतून उरलेली झेंडूची फुलं तिच्या गळ्यात बांधली.

रात्रभर ती स्वतःला चाटत बसली होती, हे अक्काला नंतर आठवलं. सकाळी पोळा. गावभर शिंगं रंगवणं चाललेलं, आणि हरणी अंगणात झोकांड्या खात होती. तोंडाला लाळेची तार. बैल धुऊन परतणारा कुणीतरी म्हणाला, “पिईसन उनी का काय?” तेव्हाही दोघंतिघं हसले. दुपारपर्यंत तिचे मागचे पाय उचलेनात. अंग थरथरत होतं, पोटाखालची कातडी लालभडक झाली होती, आणि ती जे ओकत होती त्याला गुलाबासारखा वास येत होता. तो वास आला आणि आबा खाली बसले.

कौतिकभाऊंची थट्टा कुठल्या कुठे गेली. म्हणाले, “मी गाडी जुपी देस. नरडाणाले जाऊत.”

“नको भाऊ,” आबा म्हणाले. “आज बैलेसना सण शे. त्यासले जुपू नको.”

कौतिकभाऊ तयार होते, त्यांची बायकोही जुंपा म्हणत होती. पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नसतं, आणि ते आपल्यासाठी ठेवलं जावं हे आबांना सोसणारं नव्हतं. त्यांनी खोक्यातल्या बाटल्या ओट्यावर काढल्या, भुशावर धोतर अंथरलं आणि हरणीला खोक्यात ठेवलं. आबा सायकल ढकलत होते, कौतिकभाऊ मागून खोकं धरून होते, मी बाजूने चालत होते. वेशीजवळ समोरून बैलांची मिरवणूक आली. रंगलेली शिंगं, झुली, पुढे वाजंत्री. आम्ही वाटेच्या कडेला उभे राहिलो. काल ज्यांचे खांदे मळले तेच बैल एकेक करून समोरून गेले. आबा त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांचा हात खोक्यात होता.

नरडाण्याचे गुरांचे डॉक्टर मूळचे जळगावकडचे, तरुण. सणामुळे दवाखाना बंद, म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते जेवणावरून उठून आले, खोक्यात वाकले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: “आधी तिला या खोक्यातून बाहेर काढा. या वासातच तिला घेऊन आलात?”

वर्षानुवर्षं तेल मुरलेलं खोकं. आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी स्वतः नळाखाली बसून साबणाने तिचं अंग धुतलं, सुई दिली, सलाईन लावलं. हात चालवता चालवता ते सांगत होते. बैल केवढा, ही केवढी. बैलाला मिसळीचं लावता, तेही खांद्यापुरतं. हिच्या सगळ्या अंगाला निव्वळ चोळलंत. ते कातडीतून आत गेलं, आणि उरलेलं हिने चाटून पोटात घेतलं. कुत्रं अंगावरचं सगळं चाटून काढतं. झाडापाल्याचं आहे म्हणून ते गरीब असतं असं नाही.

“तेल अस्सल होतं का?” त्यांनी विचारलं.

आबांची मान सवयीने वर झाली. “एकदम अस्सल,” ते म्हणाले.

“भेसळीचं असतं तर कदाचित बरं झालं असतं,” डॉक्टर म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांनाच ते लागलं.

दिवस कलताना डॉक्टरांच्या ओट्यावरच हरणीने जीव सोडला. डोकं आबांच्या तळहातावर होतं. शेवटी शेवटी तिने तो तळहात चाटायला जीभ बाहेर काढली, आणि आबांनी हात झटकन मागे घेतला. हाताला अजून तेलाचा वास होता. ते दृश्य मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. जाणारा जीव चाटू बघतोय, आणि हा माणूस हात पाठीमागे धरून रडतोय.

गावात लोक म्हणाले, कुत्रंच ते, दुसरं मिळेल. मला अशा लोकांचा संताप येतो. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे म्हणायला सगळे पुढे, पण दुसऱ्याचं जळताना बघायला कुणी थांबत नाही. आबा काही दिवस बाजाराला गेले नाहीत. नंतर गेले, पण कोरा कागद काढणं बंद झालं. बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते आता एवढंच विचारायचे, “घरमा कुत्रं शे का?”

हो म्हणालं की हरणीची सगळी कहाणी. कुत्र्याला लावू नका, तुमच्या पायाला लावलं तर ते त्याला चाटू देऊ नका, बाटली उघडी ठेवू नका. ऐकून घेणारे थोडे. दोंडाईच्याच्या बाजारात कुणी विचारलं, “आबा, तेल विकाले बसना शेत का कुत्रा मोजाले?” शेजारचा मलमवाला सांगायचा, ज्या तेलाने कुत्रं मेलं ते माणसाला काय सोडणार? धंदा बसला. आबांना ते दिसत होतं, तरी ते विचारतच राहिले. अक्का म्हणायची, नका सांगू हो सगळ्यांना. ते म्हणायचे, “नही सांगं ते ती कसाले मरनी?” त्यांच्या सांगण्याने कुठली कुत्री वाचली असतील तर ते कळायला मार्ग नाही. न मेलेलं कुत्रं काही सांगायला येत नाही.

पुढे कौतिकभाऊंनीच त्यांच्या अंगणात एक पिल्लू आणून सोडलं. त्या थट्टेचा काटा त्यांच्याही मनात राहिला असणार. ते कधी बोलले नाहीत. आबा पिलाला हात लावेनात. पण पिल्लू कुठे विचारतंय? ते पायांशी येऊन झोपलं आणि पिली या नावाने तिथेच मोठं झालं. तिला एक खोड होती. आबा ओट्यावर पाय पसरून बसले की ती त्यांचे गुडघे चाटायची.

म्हणून आबांनी स्वतःच्या गुडघ्यांना तेल लावणं सोडलं. पुढची सारी वर्षं. थंडीत त्यांचे पाय लाकडासारखे व्हायचे, उठताना भिंत धरायचे, भिंतीपलीकडे मला त्यांचं कण्हणं ऐकू यायचं. अक्का बाटली घेऊन विनवायची. पिलीला बांधून ठेवू म्हणायची. ते नको म्हणायचे. आयुष्यभर लोकांचे गुडघे बरे करत हिंडलेला माणूस, फळीवर तेलाची बाटली, आणि खाली हा असा कण्हतोय. मला कधी कधी त्यांचा रागही यायचा. आता येत नाही.

पंच्याण्णव सालच्या थंडीत आबा गेले. कमल भडगावहून आली. अंघोळीसाठी त्यांना अंगणात पाटावर ठेवलं होतं. कमलने बापाचे ते आखडलेले गुडघे पाहिले आणि तिला रडू आवरेना. ती आत गेली, फळीवरची बाटली घेऊन आली आणि म्हणाली, “आते तरी लावू द्या मना बापले. आते कसानं पथ्य?”

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. तिने बूच काढलं, अंगणभर तो गुलाबासारखा वास पसरला, आणि अंगणाच्या कोपऱ्यात बसलेली पिली शिंकली.

लिलाअक्काने कमलचा हात धरला. “नको बेटा,” ती म्हणाली. “ती येई आन् चाटी.”

कमलने बुचाने बाटली बंद केली. आम्ही आबांना साध्या पाण्याने अंघोळ घातली. पाणी निथळायच्या आत पिली उठून आली आणि त्यांचे गुडघे चाटायला लागली. तिला कुणी हाकललं नाही.