आखाजीच्या तोंडावर बसवलेली फरशी

"अरे भाऊ, पाणी टाक, पाय जयनात मना."

अक्का माझ्या अंगणाच्या मधोमध उभी राहून ओरडत होती. उभी म्हणजे एका वेळी एकच पाय खाली. डोक्यावर उपडं खापर, काखेत पुरणाचं पातेलं, आणि खाली माझी नवीकोरी काळी फरशी. वैशाखातली दुपार. बायकोनं बादली ओतली, तर ते पाणी जमिनीला लागायच्या आत वाफ होऊन नंदुरबारकडे निघून गेलं.

अक्का माझी थोरली बहीण, पहूरला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, अंगणात चूल मांडून खापरावर पुरणाच्या पोळ्या भाजतात आणि दुपारी निखाऱ्यावर पितरांच्या नावानं घास टाकतात. यंदा तो घास आमच्या आबांचा होता. वडील गेल्यानंतरची पहिली आखाजी.

आणि मी महिनाभर आधी सारवलेलं अंगण उकरून भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी बसवली होती. आबा होते तेव्हा त्यांना भेटायला येणाऱ्यांच्या चपलांना चिखल लागायचा, त्याची मला फार लाज वाटत असे. फरशीचं कौतुक मी सगळ्या देवपुरात सांगत फिरलो. एक कावळा उतरला, खाली स्वतःला बघून लाजला आणि कावळीला दाखवायला घेऊन आला, असंही सांगितलं. लोक हसले. अर्ध्यांनी विश्वासही ठेवला. कोपऱ्यातली चूल मात्र फरशीखाली कधी गेली, ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

अक्का सावलीत आली. पाय चोळत म्हणाली, "तीन विटा दे. चूल मांडस."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? आठे."

"अक्का, फरशी तडकेल. चकाकी जाईल."

"मग पोया कशावर भाजू?"

"गॅसवर."

"खापर गॅसवर ठेव, वर तू बी बस," ती म्हणाली. बायको हसली. मीही हसलो. तिथेच थांबायला हवं होतं. मग अक्कानं हळूच विचारलं, "आबाले घास कोठे टाकू?"

आता, माझ्या तोंडाला कुलूप असतं तर मी आज एवढा शहाणा म्हणून ओळखला गेलो असतो की धुळ्याच्या चौकात माझा पुतळा उभा राहिला असता. पण मी म्हणालो, "यंदा गॅसच्या शेगडीवरच भागवून घेऊ. आबांना काय कळतंय."

अक्कानं खापर पुन्हा डोक्यावर घेतलं आणि गल्ली ओलांडली. समोरच्या नानांचं अंगण अजून मातीचं, सकाळीच सारवलेलं. नाना खाटेवरून म्हणाले, "ये, बेटा. चूल पेटेलच शे." मग फाटकाशी उभ्या माझ्याकडे बघून म्हणाले, "तू का बरं थांबला रे? सूनबाईले सांग, कणीक आन."

कणकेची परात मीच नेली. एवढीशी गल्ली, पण त्या दिवशी ती मुंबई-आग्रा रस्त्याएवढी लांब झाली, आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर अख्खा जिल्हा बसला होता असं मला वाटलं. खरं तर तीन बायका होत्या. त्यांनी परातीकडे पाहिलं, मग माझ्या चकचकीत अंगणाकडे, मग पुन्हा आपल्या डाळीत मान घातली.

अक्का दोन्ही हातांवर पोळी खेळवत होती. खेळवता खेळवता ती कोपरापर्यंत पसरली, खापरावर पडली, फुगली. पहिली पोळी तिनं तुपासकट निखाऱ्यांवर ठेवली. "आबा, या," एवढंच म्हणाली. धूर नानांच्या दारावरून वर गेला. माझ्या वडिलांना जेवायला परक्याच्या अंगणात बोलवावं लागलं होतं, आणि मी तिथे हात जोडून पाहुण्यासारखा उभा होतो. दुपारभर मी एकही थाप मारली नाही. नानांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

संध्याकाळी अक्का पिशवी भरत होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "पुढच्या आखाजीच्या आत सगळी फरशी उखडून टाकतो. चूल होती तिथेच मांडू."

तिनं पिशवीची गाठ मारली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मोटरसायकल लावाले बरी शे."